जास्तीचा देव

आमच्याकडे लग्न ठरलं की आधी देव उजळायला देतात. देव्हाऱ्यातले टाक, म्हणजे कुलदैवतांचे ठसे उठवलेल्या चांदीच्या लहान चकत्या, लाल कापडात बांधून सोनाराकडे न्यायच्या. त्या चकचकीत होऊन आल्या की हळद लावून पुन्हा बसवायच्या. ते झाल्याशिवाय घरच्या माणसाच्या अंगाला हळद लागत नाही. भावाच्या लग्नाआधी ते गाठोडं माझ्या हातात होतं, म्हणून पुढचं सगळं माझ्यामुळे झालं असं काकी अजून म्हणते. गाठोडं मी नेलं हे खरं. बांधलं होतं आईने.

खरं तर ते टाक मोठ्या काकांच्या घरचे. विमानतळासाठी गाव उठलं तेव्हा काकांचं नवीन घर बांधून होईपर्यंत देव कुठे ठेवायचे हा प्रश्न आला, आणि ते पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये आले. काकांचा बंगला झाला, त्यात संगमरवरी देवघरही झालं, पण तोवर बाबा वारले होते. देव आमच्याकडेच राहिले. बाबांच्या माघारी आईला त्या घराण्यात जी काही जागा उरली होती ती त्या टाकांमुळे. सणाला सगळे आमच्याकडे यायचे ते देवांसाठी. आई नवरा गेलेली बाई म्हणून ओटी भरायला पुढे व्हायची नाही, पण देव्हाऱ्याची किल्ली तिच्या कमरेला होती.

त्या टाकांच्या मागे, भिंतीला टेकवून, आईची माय असायची. अंगठ्याच्या नखाहून थोडं मोठं, लंबगोल पदक; त्यावर हात पसरलेली बाई. आई तिला मेरी कधी म्हणाली नाही, माय म्हणायची. आई करंज्याची, उरणजवळच्या कोळीवाड्यातली. तिच्या लहानपणी एकदा तिच्या वडिलांची होडी ठरल्या दिवशी परत आली नाही. आजी धक्क्यावर बसून होती आणि शेजारी वसईकडची एक कोळीण बसली होती. तसंच लुगडं, तशीच पाटी, फक्त गळ्यात क्रूस. तिचाही नवरा त्याच वाऱ्यात सापडला होता. तिने गळ्यातलं पदक काढून आजीच्या मुठीत दिलं. आजीने तिला त्यांच्या द्रोणागिरी देवीचा अंगारा दिला. होड्या आल्या. पदक कोणी परत मागितलं नाही, आणि पुढे ते आईच्या लग्नात कुंकवाच्या करंड्यात दडून पनवेलला आलं. म्हणजे माझा जन्म व्हायच्या कितीतरी आधी.

ही गोष्ट आईने मला स्वयंपाकघरात सांगितली होती, मासे साफ करताना. तिच्या सगळ्या महत्त्वाच्या गोष्टी तिथेच व्हायच्या, नळ चालू ठेवून.

देव्हाऱ्यातल्या लाल कापडाखाली हिरव्या कापडाचा एक तुकडाही होता. खाडीच्या तोंडाशी पीर आहे, त्याच्या चादरीतला. होडी बाहेर पडली की एक नारळ देवीला आणि एक पिराला, हे आईच्या माहेरी रोजचं. पनवेलला आल्यावर तिने वार लावून घेतले. मंगळवार देवीचा, बुधवारी मायसमोर मेणबत्ती, गुरुवारी पिराच्या नावाने लोबान. मेणबत्ती ती निरांजनावर पेटवायची. मायला हळदकुंकू लावायची. मला त्यात वेगळं काही आहे हे बरीच वर्षं कळलं नाही. दुसऱ्यांच्या देव्हाऱ्यात माय दिसली नाही की मला वाटायचं, यांच्यात समुद्रावर जाणारं कोणी नसेल.

आता कोणी 'सगळे देव शेवटी एकच' असं म्हणालं की मी मान डोलावते आणि विषय बदलते. ऑफिसात असं म्हणणारे पुष्कळ आहेत. ज्यांना कुठल्याच देवाचं भय नसतं त्यांना ते सोपं जातं. आईला देव कधी एक वाटले नाहीत. ते वेगवेगळे होते, त्यांचे स्वभाव वेगळे होते, आणि म्हणूनच सगळ्यांना सांगावं लागायचं. एकाला सांगून दुसऱ्याला वगळलं तर तो रुसेल, हे तिला एखाद्या नणंदेच्या स्वभावाइतकं पक्कं माहीत होतं.

मला तिने सिस्टरांच्या शाळेत घातलं ते इंग्रजीसाठी. मायसाठी नव्हे. पण शाळेच्या फाटकातच तीच बाई हात पसरून उभी होती, माझ्यापेक्षा उंच, निळ्या पदराची. मी कोणाशी बोलत नसे. वर्गात प्रश्न विचारला तर उत्तर येत असूनही माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. प्रार्थना मात्र यायची. सगळे एकदम म्हणतात, त्यात आपला आवाज कोणाला ऐकू जात नाही. सकाळी शाळेत इंग्रजीतून, तिन्हीसांजेला घरी मराठीतून. झोपताना मी दोन्ही एकामागून एक म्हणायचे आणि शेवटी पिराला सलाम.

चौथीत असताना शाळेत मोठी प्रार्थना होती, बाहेरून फादर आले होते. शेवटी मुली रांगेत पुढे जाऊन काहीतरी हातावर घेत होत्या. देवाच्या दारात रांग लागली आणि हातावर काही मिळतंय म्हणजे प्रसाद. मीही उभी राहिले, आईने शिकवल्याप्रमाणे डाव्या हातावर उजवा ठेवून. कागदासारखी पातळ पांढरी चकती मिळाली. अर्धी मी खाल्ली, अर्धी रुमालात बांधून घरी नेली, कारण प्रसाद एकटीने खायचा नसतो. आईचा त्या दिवशी उपवास होता. तिने चकती डोळ्यांना लावली, मायला दाखवली आणि तिच्यावरच उपवास सोडला. दुसऱ्या दिवशी मी हे मोठ्या कौतुकाने शेजारच्या मुलीला सांगितलं. दुपारपर्यंत ते सिस्टरांकडे पोचलं.

सिस्टर ओरडल्या नाहीत. त्यांनी आईला बोलावलं आणि हळू आवाजात, हिंदीतून सांगायचा प्रयत्न केला की तो खाऊ नव्हे, तो फक्त त्यांच्यातल्यांनी घ्यायचा असतो, तोही तयारी करून. आई उभी होती. साडी धुवट, पण इस्त्रीची. मी तिच्या मागे लपले होते. ती म्हणाली, "सिस्टर, बच्ची प्रसाद लाई. अकेली खाती तो पाप लगता."

सिस्टरांनी वाकून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, पुढच्या वेळी हिला जागेवर बसू द्या.

परतताना आईने माझा हात घट्ट धरला होता. तळ्याच्या कडेने चालताना एकदाच म्हणाली, "वाडताना बगायचं ना मग. ताटात पडल्यावर उठवतात का कोनाला?" मला तिने उसाचा रस घेऊन दिला. पुढच्या बुधवारी मेणबत्ती लावली, नेहमीसारखी. सिस्टरांचं बोलणं तिने सिस्टरांच्या नावावर ठेवलं, मायच्या नाही. मला आई अशी आठवते. तशी आठवते म्हणून पुढचं जास्त लागलं.

भाऊ उरणजवळ, देवीच्याच नावाच्या द्रोणागिरी वसाहतीत, एका गोदामात सुपरवायझर आहे. त्याचं लग्न उरणकडच्या मुलीशी ठरलं. बाबा नाहीत म्हणून सगळं मोठ्या काकांच्या हातात होतं. हॉल, मंडप, बेंजोवाले, कोणाला किती आमंत्रणं. आई विचारलं तर सांगायची, नाहीतर पदर सारखा करत बसायची. काका तिच्या थोरल्या दिराच्या नात्याने तिच्याशी थेट बोलत नाहीत. समोर बसलेली असली तरी "आयला विचार" असं मला म्हणतात.

देव उजळायला द्यायचा दिवस ठरला. त्याच दिवशी मुलीच्या वडिलांना मंगळसूत्र बघायला जुन्या पनवेलमधल्या त्याच सोनाराकडे यायचं होतं. आई अशा कामाला जात नाही, म्हणून तिने आंघोळ करून, देव्हारा उघडून, लाल कापडात टाक बांधले आणि गाठोडं माझ्याकडे दिलं. तिने त्यात मायलाही बांधलं होतं.

यावर मी खूप विचार केला आहे. विसरून गेलं असं नव्हतं. आईच्या हिशेबी लग्नाआधी देव उजळायचे म्हणजे सगळे उजळायचे. बाकीच्यांना सोनाराकडे पाठवून एकीला काळवंडलेली घरी ठेवायची, हे तिला जमण्यासारखं नव्हतं. आपल्या घरातला देव दुसऱ्याच्या पेढीवर कसा दिसेल, हे तिच्या मनातच आलं नसावं. इतकी वर्षं तो फक्त तिच्या देव्हाऱ्यात होता.

सोनाराने गाठ सोडली. काका एकेक टाक हातात घेऊन नाव सांगत होते, मुलीच्या वडिलांना अभिमानाने दाखवत होते. शेवटी पदक राहिलं. सोनाराने ते उचललं, उलटंपालटं केलं आणि मला विचारलं, "ताई, हे पण उजळायचं का?"

काकांनी हात पुढे केला, पण मुलीच्या वडिलांनी ते आधी घेतलं. त्यांच्या होड्या आहेत, वसईकडची माणसं त्यांच्या ओळखीची. त्यांनी ते बल्बखाली धरलं. म्हणाले, "ही तर त्यांची माय." मग नखाने पदकाची कड खरवडली. नखात पिवळं आलं. "हिला हळद लावलेली हाय."

ती हळद नसती तर सगळं निभलं असतं. कुठेतरी सापडलेली वस्तू चुकून गाठोड्यात आली, असं म्हणता आलं असतं. पण खाचाखाचांत वर्षानुवर्षांची हळद बसली होती. त्या हळदीचा अर्थ तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना वाचता येत होता.

काका हसले. "पोरीच्या शाळेतलं कायतरी आसंल," म्हणाले. "कॉन्व्हेंटला होती ना."

मुलीचे वडीलही हसले. मंगळसूत्र न बघताच गेले.

संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये सगळे बसले. काका, काकी, भाऊ, दाराशी आई, आणि स्वयंपाकघराच्या चौकटीत मी. मुलीच्या वडिलांचा फोन येऊन गेला होता. त्यांचं म्हणणं काकांनी जसंच्या तसं सांगितलं: आम्ही मुलगी देवाधर्माच्या घरात देतो, तुम्ही बाटलेले असाल तर आताच सांगा, पत्रिका छापायच्या आहेत.

काकी म्हणाली, "आवो, यांच्या बिल्डिंगीच्या टाकीत पाव टाकला आसंल कोनी. आदी टाकी साफ करून घ्या." पूर्वी विहिरीत पाव टाकून गावंच्या गावं बाटवली असं आमच्याकडे म्हणतात, त्यावरून हे. स्वतःच्या विनोदावर ती बराच वेळ खुसखुसत राहिली. मग मला म्हणाली, "तुला नवरा पन पाववालाच बगायचा काय ग?"

भाऊ चिडला होता. "मम्मी, मी तुला किती वेळा सांगितलं..." एवढं बोलून तो थांबला. काका त्याच्याकडे बघत होते. त्यालाही ती गोष्ट माहीत होती, नळ चालू ठेवून सांगितलेली. लहानपणी तापात त्याच्या उशाखालीही माय असायची. तो मोबाईलमध्ये बघू लागला.

काका मला म्हणाले, "आयला विचार, हे घरात कोनाचं?"

मी विचारलं नाही. गरज नव्हती, ती समोरच होती. त्या क्षणी मला एकच हवं होतं. आईने म्हणावं, माझी आहे. पुढे जे व्हायचं ते होवो. मी देव्हाऱ्यापाशीच वाढले. बाबा गेल्यापासून तिन्हीसांजेचा दिवा मी लावत होते. माझा सगळा धर्म मी त्या देव्हाऱ्यात, तिच्याकडे बघून जुळवला होता. ती एक वाक्य बोलली असती तर तो खरा ठरला असता.

आई जमिनीकडे बघत म्हणाली, "तिचाच हाय, दादा. शाळेतनं आनलेला. ल्हान होती, म्हनून राहू दिला."

नळ बंद होता. सगळ्यांना नीट ऐकू गेलं.

मी गप्प राहिले. लोकांना वाटतं लाजाळू माणसांना बोलता येत नाही म्हणून ती गप्प बसतात. मला त्या वेळी बोलता आलं असतं. पण आईच्या तोंडावर आईला खोटं ठरवायचं, तेही काकीसमोर, ते मी केलं नाही. आई तेच धरून चालली होती.

मग काकांनी निकाल दिला. पदक पाण्यात सोडायचं. टाक इथेच राहतील, कारण घरात सून येतेय, ती करेल देवांचं. पण या मुलीने, म्हणजे मी, इथून पुढे देव्हाऱ्याला हात लावायचा नाही. लग्न होऊन गेली की तिच्या घरी तिला काय करायचं ते करू दे. तसं मुलीकडच्यांना कळवलं जाईल. आईने पटकन मान हलवली. मला वाटतं टाक राहतील हे ऐकल्यावर पुढचं तिने ऐकलंच नाही.

सगळे चहा पीत होते तेव्हा तिने देव्हाऱ्यातल्या लाल कापडाखालून हिरवा तुकडा काढला आणि पदराआड धरून आत गेली. त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नव्हतं. तो पुन्हा दिसला नाही.

पनवेलमध्ये कोणी बघायला नको म्हणून काका मला गाडीतून आपट्याला घेऊन गेले. तिथे काकीचं माहेर आहे, पाताळगंगा गावाला लागूनच वाहते. वाटेत त्यांनी थांबून झेंडूची फुलं, विड्याची पानं आणि सुपारी घेतली. नदीच्या पायरीवर बसून पदक पानात ठेवलं, वर फुलं ठेवली, रुपया ठेवला, दोऱ्याने बांधलं. जो देव नाही म्हणून बुडवायचा होता त्याची त्यांनी एखाद्या देवासारखी तयारी केली. ते भ्यायले होते, एवढं मला दिसलं.

"तूच सोड," म्हणाले.

मी सोडलं. पाणी तिथे खोल आहे, संथ. पान थोडं पुढे गेलं, तिरकं झालं आणि फुलं वेगळी होऊन तरंगत राहिली. काकांनी चप्पल काढून हात जोडले. मग हळूच विचारलं, "काय बोलतात या वेळेला, तुमच्यात?"

तुमच्यात. चार दिवसांपूर्वीपर्यंत मी त्यांच्यात होते.

"काही नाही," मी म्हणाले.

परत येताना ते बरे वागले. एसी माझ्याकडे वळवला, भूक लागली का विचारलं. टोलनाका गेल्यावर समोर बघतच म्हणाले, "मनात ठेवू नको. तुजी आय करंज्याची. आमाला काय ठावं नाय?"

मी त्यांच्याकडे बघितलं.

"आईची आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

"बाबाने तुज्या सांगितलेलं, लगीन झालं तेवाच. पन घरच्या बाईचं नाव घेऊन चालंल काय? ती हितंच रायची, देव हितंच रायचे. पोरगी काय, जायचीच." मग थोड्या वेळाने, समजावल्यासारखं: "तुजंच नाव बरं पडलं."

यात त्यांना दुष्टपणा वाटत नव्हता. घरात बादली गळायला लागली की आपण ती अंगणात ठेवतो, तसा त्यांनी तो ठपका जिथे कमी नुकसान होईल तिथे ठेवला होता. आणि आईने तो हिशेब त्यांच्याआधी केला होता, एका क्षणात. आज मला काकांचा राग कमी येतो. त्यांनी मला निदान सांगितलं.

हळदीच्या संध्याकाळी काकांच्या बंगल्यासमोर मंडपात धवलारीण आली. ही आमच्या लग्नांत गाण्यातून विधी करणारी म्हातारी बाई. भटजींच्या आधी तिचा मान. हळद लावण्यापूर्वी ती देवांना गाण्यातून एकेक करून लग्नाला बोलावते. गावदेवी, एकवीरा, खंडोबा, समुद्रावरचे, डोंगरावरचे. घरची बाई तिला नावं सांगते आणि ती ओळीत बसवते. ज्याचं नाव राहिलं तो देव मांडवाबाहेर रुसून बसतो, अशी समजूत. आई खांबाच्या मागे उभी राहून नावं पुरवत होती. नावं संपली तशी धवलारीण रीतीप्रमाणे थांबली. "आजून कोन रायलं काय ग बाय?"

मी सुपाऱ्यांचं ताट घेऊन तिथेच होते. आईने माझ्याकडे बघितलं नाही.

"नाय," ती म्हणाली. "झाले सगले."

आणि हळद सुरू झाली. भाऊ पिवळा होत गेला, बेंजो लागला, काकी नाचली. कोणी मांडवाबाहेर रुसून बसलं होतं का, मला ठाऊक नाही. मी मागच्या बाजूला खुर्च्या मोजून घेणाऱ्या माणसाशेजारी बसून होते. तो बिचारा मला लग्नातली वाढपी समजला आणि पाणी मागितलं. मी दिलं.

वहिनी चांगली आहे. तिला सांगितलंय की नणंदेचा हात देव्हाऱ्याला लागू द्यायचा नाही, आणि ती ते पाळते, पण संकोचून. सुरुवातीला वात नीट लागायची नाही तेव्हा ती मला पॅसेजमधून विचारायची, तेल कमी आहे का. मी लांबूनच सांगायचे, वात जाड झालीय. त्या देव्हाऱ्यातली प्रत्येक गोष्ट मला माहीत आहे आणि मी पाव्हण्यासारखी चार फुटांवर उभी असते.

माझी प्रार्थना बंद झाली नाही. वाटलं होतं होईल. आता ती हात न जोडता होते. सकाळी बसमध्ये, खिडकीशी. शाळेतली इंग्रजी वाक्यं आधी येतात, कारण ती पाठ आहेत; मग द्रोणागिरी, मग पीर, आणि मायला मी आईच्या बोलीत हाक मारते, कारण तिच्याशी दुसऱ्या भाषेत कधी बोललेच नाही. कुठल्याही चर्चमध्ये, देवळात, दर्ग्यात ही प्रार्थना मोठ्याने म्हटली तर मला कोणीतरी हलकेच बाजूला घेईल. सिस्टर चांगल्या होत्या तरी त्यांनी घेतलंच. माझ्या श्रद्धेत गर्दी पुष्कळ आहे आणि माणूस एकही नाही. एक होतं, ते खांबाच्या मागे जाऊन उभं राहिलं. बुधवारी ऑफिसातून येताना मी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसते, मेणबत्ती लावते, निघते. घरी सगळ्यांना माहीत आहे. कोणी अडवत नाही. आता माझं नावच पडलंय, त्यामुळे मला मोकळीक आहे.

गेल्या पावसाळ्यानंतर आईच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. मोतीबिंदू, साधी गोष्ट, डॉक्टरांनी दहादा सांगितलं. पण ती घाबरली होती. देवीला नवस झाला, एकवीरेला माणूस पाठवला. एका सकाळी वहिनी आंघोळीला गेली असताना ती स्वयंपाकघरात आली आणि नळ सोडला.

"बुदवारी जातेस ना," म्हणाली. "माज्या डोल्यांचं सांग तिला. मेनबत्ती लाव माज्या नावाची."

मी भांडी विसळत होते. इतके महिने जे तोंडापर्यंत येऊन थांबलं होतं ते आलं. "तिला कोणाची म्हणून सांगू?"

ती गोंधळली. "कोनाची म्हंजे?"

"माय कोणाची आहे, आई?"

घरात आम्ही दोघीच होतो. नळ वाहत होता. बाथरूममधूनही पाण्याचा आवाज येत होता, काही ऐकू जाण्याचा प्रश्न नव्हता. तिने दाराकडे एकदा बघितलं आणि मग माझ्याकडे, समजूत घातल्यासारखं. "तुजीच ना," ती म्हणाली. "तुज्या शाळेतली."

भीतीने बोललेलं खोटं मी समजू शकले असते. समजून घेतलंही होतं, जवळजवळ. पण हे ती घाबरून बोलत नव्हती. बोलता बोलता तिला ते खरं वाटायला लागलं होतं. धक्क्यावरची ती दुसरी कोळीण आता फक्त माझ्या डोक्यात होती.

बुधवारी मी गेले. मेणबत्ती लावली, माझी. आईचं नाव घेतलं नाही.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. डोळ्यावर हिरवी पट्टी लावून ती घरी आली. काका-काकी बघायला आले तेव्हा सोफ्यावर बसून सगळ्यांना सांगत होती की देव्हाऱ्यातल्यांनी सांभाळलं, द्रोणागिरी पाठीशी होती. ते गेल्यावर मी तिला औषधाचे थेंब घालायला वाकले. तिने हळूच विचारलं, "लावलेलीस ना?"

"नाही," मी म्हणाले. "तुझ्या नावाची नाही."

तिचा उघडा डोळा माझ्यावर थांबला. त्या डोळ्यात राग नव्हता. एखाद्या माणसाला आमंत्रण द्यायचं राहिलं आणि तो समोरून येताना दिसला की होते तशी धास्ती होती. मांडवात जे तिच्या तोंडावर दिसलं नव्हतं ते आता दिसत होतं. त्या एका क्षणात तिला सगळं आठवलं असावं, धक्कासुद्धा.

"मग आता?" ती म्हणाली.

"आता तू जा. रिक्षाने दहा मिनिटं लागतात."

मी थेंब घातले, पट्टी लावली, बाटली फ्रीजमध्ये ठेवली. वहिनी दिवा लावायला आली तशी आईने पदर डोक्यावर घेतला आणि सोफ्यावरूनच हात जोडले.

ती गेलेली नाही. आता दुसऱ्या डोळ्याची तारीख मिळाली आहे. बुधवारी मी घरी येते तेव्हा ती दाराशी असते. माझ्या हाताला मेणाचा वास येतो, तो तिला कळतो. ती विचारत नाही आणि मी सांगत नाही.